हार्डविक हॉल पाहायला जावे का, आणि गेलात तर काय पाहावे?

प्रश्न विचारणारे गृहस्थ सध्या मँचेस्टरला मुलीकडे राहायला गेले आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: चॅट्सवर्थ पाहून आलो, डोळे दिपले. तिथेच डर्बीशायरमध्ये हार्डविक हॉल नावाचा त्याहून जुना वाडा आहे म्हणतात. फोटोत तर तो खिडक्या ठोकलेला दगडी खोका दिसतो. कारंजी नाहीत, सोन्याचा मुलामा नाही. मग जाणती माणसे त्याचे नाव निघाले की इतकी हळवी का होतात? जावे का? आणि गेलोच तर काय पाहावे?

जाच. माझे काम जुन्या इमारतींच्या डागडुजीचे आणि जतनाचे, त्यामुळे माझी आवड थोडी वाकडी आहे हे आधीच सांगतो. मला झुंबरांपेक्षा धुराडी जास्त दिसतात. पण इंग्लंडमधला एकच जुना वाडा पाहायला वेळ असेल तर मी डोळे झाकून हार्डविकचे नाव घेईन. त्याची कारणे दोन. तिथे घराची उभी मांडणीच त्या घरातल्या माणसांची उतरंड सांगते, आणि ती मांडणी आजवर कोणी फारशी बिघडवलेली नाही. दुसऱ्या कारणाची गोष्ट पहिल्याइतकीच रंजक आहे.

आधी घर बांधणारीबद्दल. एलिझाबेथ हार्डविक, म्हणजे सगळे जिला ‘बेस ऑफ हार्डविक’ म्हणतात ती बाई, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच टेकडीवर जन्मली. बाप खाऊनपिऊन सुखी असा लहान जमीनदार, पण तो लवकर गेला आणि घर अडचणीत आले. तिने चार लग्ने केली आणि चौघांच्याही मागे उरली. पहिला नवरा कोवळ्या वयातच वारला. दुसरा सर विल्यम कॅव्हेंडिश. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, त्या कारभारातला हा अधिकारी, त्यामुळे त्याचे हात कुठे ओले झाले असतील ते वेगळे सांगायला नको. बेसने त्याला दक्षिणेकडच्या जमिनी विकून आपल्या माहेरच्या मुलखात यायला लावले आणि १५४९ मध्ये चॅट्सवर्थची जहागीर ६०० पौंडांना घेतली. तिची सगळी मुले याच नवऱ्याची, आठ झाली आणि सहा जगली. तिसरा सर विल्यम सेंट लो, राणी एलिझाबेथच्या विश्वासातला. चौथा जॉर्ज टॅल्बट, श्रूजबरीचा सहावा अर्ल, म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या सरदारांपैकी एक.

हे चौथे लग्न १५६७ चे. आणि दोनच वर्षांत राणीने श्रूजबरीच्या गळ्यात एक लोढणे अडकवले: स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी. तिला नजरकैदेत ठेवायचे काम त्याच्याकडे आले आणि ते तब्बल पंधरा वर्षे चालले. मेरीच्या इतमामाचा खर्च, एलिझाबेथच्या हेरांचा संशय, आणि घरात सतत परके लोक. सुरुवातीला बेस आणि मेरी एकत्र बसून भरतकाम करत, त्यातले नमुने आजही आहेत. शेवटी मात्र नवराबायकोचे इतके फाटले की १५८४ मध्ये बेसला चॅट्सवर्थ सोडून माहेरच्या हार्डविकला यावे लागले. तिचा भाऊ तोवर कर्जात बुडून मेला होता आणि ती जहागीर तिनेच विकत घेऊन ठेवली होती.

तिथल्या जुन्या घराला तिने १५८७ पासून ठिगळे लावायला सुरुवात केली. ठिगळे लावता लावता त्याचा केवढा तरी मोठा वाडा झाला, तोच आजचा ओल्ड हॉल. तो पुरा व्हायच्या आत, नोव्हेंबर १५९० मध्ये, श्रूजबरी वारला. विधवेच्या हक्काने त्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा बेसकडे आला आणि साठी ओलांडलेली ही बाई राणीखालोखाल इंग्लंडमधली सर्वांत श्रीमंत स्त्री मानली जाऊ लागली. १५९० च्या अखेरीस तिने ओल्ड हॉलपासून हाकेच्या अंतरावर दुसऱ्या, कोऱ्या घराचा पाया घातला. पहिले काम थांबवले नाही, ते शेजारी चालूच राहिले. ऑक्टोबर १५९७ मध्ये ती नव्या घरात राहायला गेली. एवढ्या आकाराच्या घराला सात वर्षे म्हणजे त्या काळाच्या मानाने झपाट्याचे काम.

हा झपाटा कशामुळे, ते बांधकामाच्या हिशेबाच्या वह्यांत दिसते. त्या वह्या टिकल्या आहेत हे आमच्या धंद्यातल्या लोकांचे नशीब. दगड टेकडीच्या उतारावरच्याच खाणीतला. शिसे तिच्या मालकीच्या खाणींतले, काच तिच्याच काचकारखान्यातली, लोखंड आणि लाकूडही बरेचसे घरचे. बाहेरून घ्यावे लागले असते तर जे साहित्य हाडे मोडून टाकते, ते तिला कारागिरांच्या मजुरीत पडले. त्यात काच ही तर त्या काळी चैनच. म्हणूनच या घराबद्दल लोक यमक जुळवून म्हणू लागले की हार्डविकला भिंतीपेक्षा काच जास्त. ऐपत दाखवायचा यापेक्षा ढळढळीत मार्ग नव्हता.

आराखडा रॉबर्ट स्माइदसनचा, असे सगळे मानतात. हा मूळचा गवंडी. लाँगलीट आणि नॉटिंगहॅमजवळचे वोलटन हॉल ही त्याची आधीची मोठी कामे. वोलटनच्या चर्चमध्ये त्याच्या थडग्यावर त्याला चक्क ‘आर्किटेक्टर’ म्हटले आहे. इंग्लंडमध्ये ही पदवी तेव्हा जवळजवळ कोणी लावत नसे. हार्डविकशी जुळणारे त्याचे एक रेखाटनही मिळाले आहे. पण मालकीणबाईंचा स्वभाव पाहता आराखड्यात त्यांचा हात निम्म्याहून कमी असेल असे मला वाटत नाही. तोवर तीन-चार घरे बांधून झालेल्या बाईला कोणता गवंडी काय शिकवणार?

आता बाहेर उभे राहून पाहा. तुम्हाला जो खोका वाटला तो लांबट आयत आहे आणि त्याला सहा मनोरे चिकटवले आहेत: दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन, आखूड बाजूंना एकेक. चालत घराभोवती फिरलात की हे मनोरे एकमेकांआड जातात, पुन्हा सुटे होतात, आणि तोच खोका दर वीस पावलांवर वेगळा दिसतो. फोटोत हे सापडत नाही. मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली मोठाली अक्षरे दिसतील: ई आणि एस, वर उमराव घराण्याचा मुकुट. एलिझाबेथ श्रूजबरी. नवरा गेला, भांडणे संपली, पदवी मात्र तिने आभाळावर लिहून ठेवली.

मग खिडक्यांकडे बघा आणि खालून वर मोजत जा. तळमजल्याच्या खिडक्या बेताच्या, पहिल्या मजल्याच्या मोठ्या, आणि सगळ्यांत वरच्या मजल्याच्या सर्वांत उंच. आपल्या डोळ्याला हे उलटे वाटते, कारण इमारत वर जाईल तशी हलकी होत जावी अशी आपली अपेक्षा असते. इथे उंची माणसाच्या दर्जाप्रमाणे दिली आहे. तळाला नोकरचाकर, स्वयंपाकघरे आणि कोठारे. मधल्या मजल्यावर बेसचे रोजचे राहणे. वरचा अख्खा मजला समारंभाचा, म्हणजे राणी आली तर तिच्यासाठी. घराचा उभा छेदच बाहेरून वाचता येतो. (राणी कधी आलीच नाही. पण कोणत्याही दिवशी येऊ शकते या हिशेबावर त्या काळच्या सरदारांनी कर्जे काढून घरे बांधली.)

एवढी काच लावायची तर भिंत उभी कशी राहते, हा प्रश्न तुम्हाला पडला नसला तरी मला पडतो. युक्ती घराच्या पोटात आहे. त्या काळच्या घरांत शेकोट्या आणि धुराडी बहुधा बाहेरच्या भिंतींत असत, त्यामुळे तिथे खिडक्यांना जागा उरत नसे. हार्डविकला घराच्या लांबीभर मधोमध एक जाडजूड भिंत जाते आणि बऱ्याचशा शेकोट्यांची धुराडी तिच्यात घातली आहेत. धूर आत गेला, बाहेरच्या भिंती मोकळ्या झाल्या. आणि मनोरे नुसते शोभेचे नाहीत, ते कोपऱ्या-कोपऱ्यावर टेकू देऊन त्या काचेच्या भिंतींना आवळून धरतात. तरीही थोडी लबाडी आहेच: बाहेरून सगळ्या खिडक्या एका ओळीत बसाव्यात म्हणून काही ठिकाणी मागे भिंत किंवा मजल्याची पातळी असूनही पुढे खिडकी केली आहे. अशी एखादी खोटी खिडकी शोधून काढा, मुलांना बरोबर नेलेत तर त्यांना हा खेळ आवडेल.

आत शिरलात की पहिलीच खोली म्हणजे ‘हॉल’. घाईने पुढे जाऊ नका, कारण इंग्लंडच्या घरबांधणीच्या इतिहासात या खोलीचे वळण महत्त्वाचे आहे. वळण शब्दशः. मध्ययुगीन वाड्यात हॉल घराच्या दर्शनी बाजूला समांतर असे. दार त्याच्या एका टोकाला, एका बाजूने आत शिरायचे, आणि दुसऱ्या टोकाला चौथऱ्यावर मालक आपल्या सगळ्या चाकरमाणसांसमोर जेवायला बसे. दार मध्यावर आणणे जमतच नसे, म्हणून जुन्या वाड्यांचा दर्शनी चेहरा नेहमी थोडा तिरका. हार्डविकला हॉल नव्वद अंशांत फिरवला आहे. दार बरोबर मध्यावर आणि हॉल घराच्या आरपार जातो. हे शक्य झाले कारण तोवर मालक हॉलमध्ये जेवायचा बंद झाला होता. तो वर गेला, खाली उरले नोकर आणि जाणारे-येणारे. खोलीचा मान उतरला म्हणून तिला हवी तशी फिरवता आली. इटलीतला वास्तुकार पॅलाडिओ याचे आराखडे १५७० पासून छापील मिळत होते, त्यांचा परिणाम असणार असे अभ्यासक म्हणतात आणि ते बरोबरच असावे. पण माझ्या मते मूळ कारण जेवणाच्या पंगतीत आहे. पुढची दीडशे वर्षे इंग्लिश वाड्यांचा हॉल हळूहळू नुसती प्रवेशाची खोली होत गेला, त्याची सुरुवात इथे डोळ्यांनी दिसते.

हॉलमधून दगडी जिना निघतो, आणि मला विचाराल तर संपूर्ण घरातली सर्वांत चांगली वास्तू हा जिना आहे. त्याला कठड्याची नक्षी नाही, काही नाही. रुंद, उथळ पायऱ्या. तो एका जागी गोल फिरत वर जात नाही, घराच्या पोटातून भटकत जातो. मध्येच एखादा लांब चौक, मध्येच अंधार, मग वळणावर अचानक उजेड. त्या जिन्याने समारंभाच्या दिवशी बेसचे जेवण वाजतगाजत वर जाई: पुढे अधिकारी, मागे थाळ्या घेतलेले सेवक, तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरापासून थेट वरच्या मजल्यापर्यंत. अन्न पोचेपर्यंत कोमट होत असणार यात शंका नाही. त्या लोकांना गरम जेवणापेक्षा मिरवणूक महत्त्वाची वाटे.

जिना संपतो तिथे हाय ग्रेट चेंबर. इथे मात्र बसायला मिळाले तर बसाच. या दालनाच्या भिंतींचा खालचा भाग ब्रुसेल्समध्ये विणलेल्या टॅपेस्ट्रींनी, म्हणजे चित्रे विणलेल्या जाड पडद्यांनी, झाकला आहे. त्या ग्रीक कथांतल्या युलिसीसची गोष्ट सांगतात. त्या बेसने १५८७ मध्ये घेतल्या होत्या, म्हणजे घराच्या पायाच्या तीन वर्षे आधी. पडदे आधी आले, खोलीची उंची त्यांच्या मापाने ठरली. त्यांच्या वर छतापर्यंत चुन्याच्या गिलाव्यात केलेले रंगीत उठावकाम: घनदाट झाडी, हरणे, हत्ती, शिकारी, आणि मध्ये सख्यांसह बसलेली डायना. ही कुमारी देवता म्हणजे राणी एलिझाबेथला केलेला मुजरा. शेकोटीच्या वर राणीची राजचिन्हे आहेतच. काम अब्राहम स्मिथ आणि त्याच्या माणसांचे. झाडांच्या खोडांकडे जरा निरखून पाहा. काही खोडे इतकी खरी दिसतात की गिलाव्याखाली खरी रोपटी घातली आहेत की काय असे वाटते. आता रंग उडून सगळे फिकट, मातकट झाले आहे. मूळचे रंग भडक होते, आपल्याकडच्या नव्याने रंगवलेल्या देवळाच्या शिखरासारखे. फिकट रंगालाच अभिजात मानायची सवय आपल्याला उगाच लागली आहे.

याच दालनात एक लांब टेबल आहे, एग्लंटाइन टेबल म्हणतात त्याला. वरच्या फळीत रंगीत लाकडाचे तुकडे जडवून वाद्ये, पत्ते, सोंगट्यांचे पट आणि वाचता येतील असे संगीताचे सूर काढले आहेत. बेसचे आणि श्रूजबरीचे लग्न झाले तेव्हाच तिचा मुलगा त्याच्या मुलीला आणि तिची मुलगी त्याच्या मुलाला दिली गेली. एका घरात तीन लग्ने, म्हणजे मालमत्ता कुठूनच बाहेर जायला नको. त्या सोयरिकीची आठवण म्हणून हे टेबल. आपल्याकडच्या सरदार घराण्यांच्या साट्यालोट्यांचा इतिहास वाचलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

तिथून लाँग गॅलरी. पूर्वेकडची जवळजवळ सगळी बाजू व्यापणारे, पन्नासेक मीटर लांबीचे आणि आठेक मीटर उंचीचे हे एकच दालन आहे. पावसाळी दिवसांत येरझारा घालायला आणि आल्यागेल्यांना घराण्याची चित्रे दाखवायला. इथल्या तेरा टॅपेस्ट्रींची गोष्ट बेसचा स्वभाव सांगते. बायबलमधल्या गिडिअनची कथा विणलेला हा संच सर ख्रिस्तोफर हॅटन या राणीच्या मर्जीतल्या मंत्र्याने करवून घेतला होता. हॅटन १५९१ मध्ये डोक्यावर मोठे कर्ज ठेवून गेला. बेस तेव्हा लंडनमध्ये खरेदीला आली होती. १५९२ मध्ये तिने वारसांकडून सगळा संच सुमारे ३२६ पौंडांना उचलला, आणि त्यावर हॅटनची कुलचिन्हे झाकायचा खर्च येणार म्हणून पाच पौंड कमी करून घेतले. मग नवी चिन्हे विणवून घेण्याऐवजी रंगवलेल्या लोकरी कापडाचे तुकडे त्यांवर शिवून टाकले. हॅटनच्या चिन्हातल्या हरणीला शिंगे लावली की तिचा कॅव्हेंडिशांचा काळवीट होतो, तेही केले. देशातली दुसऱ्या क्रमांकाची श्रीमंत बाई पाच पौंडांसाठी घासाघीस करते, हे वाचून मला तिच्याबद्दल आदरच वाटतो.

गॅलरीच्या मधोमध एक भारदस्त छत्र दिसेल आणि ते बेसच्या सिंहासनाचे असावे असे वाटेल. ते तसे नाही. ते मुळात सतराव्या शतकाच्या अखेरीस चॅट्सवर्थसाठी केलेल्या एका पलंगाचे डोके आहे. बेसच्या वंशातल्या डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकला जुन्या काळाचे वेड होते, त्याने एकोणिसाव्या शतकात ते इथे आणून लावले. याच ड्यूकने टॅपेस्ट्रींवर चित्रे टांगली, चॅट्सवर्थहून जुने सामान इकडे हलवले आणि घर आणखी ‘जुने’ दिसेल असे सजवले. त्यामुळे हार्डविकला गेल्यावर दोन काळ वेगळे करत चालायला लागते: १५९७ चा आणि १८४० च्या आसपासचा. एका खोलीला स्कॉटलंडच्या मेरी राणीचे नाव आहे, तीही याच जातीची गोष्ट. मेरीचा शिरच्छेद १५८७ मध्ये झाला, या घराचा पाया त्यानंतर तीन वर्षांनी पडला.

सहाव्या ड्यूकची सजावट ओळखायला आपल्याला एक खात्रीचा साक्षीदार मिळतो. १६०१ मध्ये बेसने मृत्युपत्राला जोडायला घरातल्या सामानाची यादी करवून घेतली, खोलीवार. कोणत्या खोलीत कोणता पलंग, किती गाद्या, कुठला गालिचा. चारशे वर्षांपूर्वीची अशी यादी आणि त्यातल्या बऱ्याच वस्तू त्याच घरात, हे युरोपातसुद्धा क्वचित सापडते. त्या यादीत बेसची स्वतःची झोपायची खोली वाचा. वरच्या मजल्यावरचा डामडौल विसरा. ही खोली मधल्या मजल्यावर, आकाराने बेताची, आणि पलंगाला पडद्यांवर पडदे, पांघरुणांवर पांघरुणे. थंडीने काकडणारी म्हातारी बाई. उशाशी पाच-सहा पुस्तके, बहुतेक धार्मिक. काचेचा महाल बांधण्याची किंमत तिने दर हिवाळ्यात मोजली असणार.

आता ‘बिघडले का नाही’ या दुसऱ्या कारणाकडे येतो. १६०८ च्या फेब्रुवारीत बेस गेली. घर तिच्या दुसऱ्या मुलाकडे, विल्यमकडे गेले. तो पुढे डेव्हनशायरचा पहिला अर्ल झाला आणि चॅट्सवर्थही त्याच शाखेकडे आले. एका घराण्याकडे एकमेकांपासून जवळ दोन मोठी घरे. त्यांनी राहायला चॅट्सवर्थ निवडले. तुम्ही पाहिलेले चॅट्सवर्थ बेसचे नव्हे: तिने बांधलेले घर, पुढे पहिला ड्यूक झालेल्या तिच्या वंशजाने १६८७ पासून एकेक बाजू करत पाडले आणि त्या काळच्या फॅशनप्रमाणे नवे बांधले. तिच्या काळचा उरला तो वर टेकडीवरचा शिकारीचा मनोरा. हातात पैसा आणि घरावर प्रेम असलेला मालक जुन्या इमारतीसाठी वाळवीपेक्षा वाईट, हे वाक्य मी अनेक मालकांना ऐकवले आहे आणि ते कोणालाच आवडलेले नाही. हार्डविकवर असे प्रेम कोणी केले नाही. तिथे विधवा राहिल्या, शिकारीच्या मोसमात पाहुणे राहिले, तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज हा घराण्याचा जुना शिक्षक १६७९ मध्ये एक्क्याण्णवाव्या वर्षी तिथे वारला. छत गळू नये एवढी काळजी घेतली गेली, आणि नवी फॅशन आणायचा खर्च कोणाला परवडला नाही की सुचला नाही. जॉर्जियन काळात, म्हणजे साधारण अठराव्या शतकात, इंग्लंडभर जुन्या दगडी खिडक्या काढून सरकत्या लाकडी खिडक्या बसवल्या गेल्या. हार्डविकच्या मुख्य खिडक्यांचे दगडी दांडे आणि शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली बारीक तावदाने टिकली.

शेवटचा मोठा धोका विसाव्या शतकातला. त्या शतकात इंग्लंडमध्ये एक हजाराहून जास्त कंट्री हाऊस पाडली गेली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्यांचे प्रदर्शनच भरले होते. महायुद्धे, नोकर मिळेनासे होणे, शेतीचे पडलेले उत्पन्न आणि सर्वांत वरताण म्हणजे वारसा कर. दहावा ड्यूक १९५० मध्ये अचानक गेला आणि मालमत्तेच्या ८० टक्के कर भरायची वेळ आली. त्या करापोटी हार्डविक सरकारला देण्यात आले आणि १९५९ मध्ये ते नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आले. ड्यूकची वृद्ध आई एव्हलिन तिथे शेवटपर्यंत राहिली. ही बाई स्वतः सुई घेऊन टॅपेस्ट्रींना टाके घालत बसे.

तिच्यानंतर ते काम ट्रस्टने हाती घेतले. गिडिअनच्या तेरा टॅपेस्ट्री एकामागून एक उतरवून धुणे, मागून अस्तर लावणे, विरलेला भाग टाक्यांनी धरणे, याला २४ वर्षे लागली. शेवटची टॅपेस्ट्री २०२३ मध्ये पुन्हा भिंतीवर चढली. खर्च सतरा लाख पौंडांच्या घरात. त्यामुळे आत गेल्यावर पडदे ओढलेले आणि दालने अंधारी दिसली तर कर्मचाऱ्यांवर चिडू नका. विणलेल्या कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचे माप) जास्त उजेड पडू द्यायचा नाही असा आमच्या क्षेत्रातला दंडक आहे आणि उघड्या खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड त्याच्या कित्येक पट असतो. उजेडासाठी बांधलेल्या घरातला उजेड आता मोजून-मापून आत सोडावा लागतो. हिवाळ्यात तिथे गरम करायची यंत्रणा चालते तीही माणसांसाठी नसते. हवेतला दमटपणा ठरावीक मर्यादेत राहील एवढीच ऊब, त्यामुळे स्वेटर घालून जा.

दगडाचे दुखणे वेगळे. इथला वालुकाश्म घडायला सोपा म्हणून कोरीवकाम सुंदर झाले, पण तोच पाण्याने आणि धुराने लवकर झडतो. भोवती कोळशाच्या खाणींचा मुलूख, शतकभर काजळी बसली. मनोऱ्यांवरचे बरेच कोरीवकाम नंतर पुन्हा घडवलेले आहे. गवंड्यांचे काम तिथे जवळजवळ सततच कुठे ना कुठे चालू असते. परांची बांधलेली दिसली तर फोटो बिघडला म्हणून हळहळू नका, तिच्याजवळ जाऊन जुना आणि नवा दगड शेजारी-शेजारी कसा बसवलाय ते पाहा.

आपल्याकडचे लोक एक प्रश्न हमखास विचारतात: हा सगळा पैसा आपल्याकडून लुटलेला का? काही घरांबाबत उत्तर सरळ ‘हो’ असे आहे. बर्कशायरमधले बेसिल्डन पार्क हे बंगालमध्ये पैसा केलेल्या फ्रान्सिस साइक्सने १७७६ पासून बांधले. ग्लॉस्टरशायरमधले सेझिनकोट तर कंपनीच्या पैशाने बांधलेले आणि घुमटही मोगली थाटाचे. हार्डविक पुरे झाले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीची स्थापनाच व्हायची होती, ती १६०० च्या अखेरची. बेसचा पैसा तिच्याच देशातल्या मठांच्या जमिनींचा, मेंढ्यांचा आणि शिशाचा. याचा पुरावा घरातच टांगलेला आहे. प्राचीन काळच्या थोर स्त्रियांची चित्रे कापड कापून, शिवून केलेले मोठे पडदे तिथे आहेत, त्यांत पेनेलोपी आहे, ल्युक्रीशिया आहे. त्यांचे मखमली आणि जरीचे कापड म्हणजे चर्चमधल्या धर्मगुरूंचे मध्ययुगीन झगे, कापून काढलेले. जवळ जाऊन पाहिलेत तर या स्त्रियांच्या अंगावरच्या वस्त्रात जुने धार्मिक भरतकाम दिसते.

प्रत्यक्ष जाण्याबद्दल. दर्शनी बाजू पश्चिमेची आहे, त्यामुळे दुपारनंतर जा. ऊन काचांवर आले की फोटोतला ‘खोका’ पेटतो. आत मात्र आधी वर चढा आणि पाहत पाहत खाली या असे कोणी सुचवले तर ऐकू नका, खालून वर हाच क्रम घराने ठरवला आहे. गच्चीवरच्या मनोऱ्यांत खोल्या आहेत. जेवणानंतर निवडक पाहुणे शिशाच्या पत्र्यावरून चालत तिथे जाऊन गोडधोड खात. गच्चीची खास फेरी त्या दिवशी असेल तर सोडू नका.

आणि ओल्ड हॉलला किमान अर्धा तास ठेवा. बहुतेक लोक तो पडका म्हणून टाळतात. अठराव्या शतकात त्याचा बराच भाग पाडला, छप्पर गेले, मजले गेले, उरल्या भिंती. म्हणजे नव्या घरात गिलाव्यामागे लपलेले सगळे इथे उघडे आहे: तुळया जिथे बसत त्या खाचा, चार मजल्यांवर एकावर एक अधांतरी लटकलेल्या शेकोट्या, भिंतीतून वर जाणारी धुराडी. वरच्या एका दालनात शेकोटीवर गिलाव्यातले दोन अजस्र राक्षस अजून उभे आहेत. जिन्याने जिथवर वर जाऊ देतात तिथवर चढा. डागडुजीसाठी काही भाग अधूनमधून बंद असतात, तेव्हा निघण्यापूर्वी ट्रस्टच्या संकेतस्थळावर त्या दिवशी काय उघडे आहे ते पाहून घ्या.